ताईने निवडलेलं सिंक

ओटा बदलायचा म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला कंठ फुटतो. दगड काळा की करडा, कड गोल की सरळ, टाइल किती उंच, सगळ्यांची मतं तयार असतात. आणि सिंक म्हटलं तर विचारूच नका! साहेबांना दोन खणांचं हवं, कारण मित्राकडे तसं आहे. मुलाला काळं हवं, कारण ते फोटोत उठून दिसतं. बाईंना खोल हवं, म्हणजे पाहुणे आले तर खरकटी भांडी दिसत नाहीत. ही सगळी चर्चा चालू असते तेव्हा एक बाई त्याच स्वयंपाकघरात, यांच्याकडे पाठ करून, यांचीच भांडी घासत असते. तिला कोणी एका शब्दाने विचारेल तर शपथ!

मी ओटे बसवतो. दगड मोजायचा, कापायचा, घासायचा, बसवायचा, सत्तावीस वर्षं हेच करतोय. माझं डोकं लवकर तापतं हे बायको सांगते, माझा पॉलिशवाला सांगतो, आणि मलाही ठाऊक आहे. पण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुमचं डोकं थंड राहिलं तर येऊन मला सांगा.

आमची आई गेली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती आणि मी चार. वडील गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी, दिवसा झोपायचे. ताईने शाळेचं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. पहिल्या घरी तिचा हात नळापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्या घरच्या आजींनी तिला एक पालथी बादली दिली. बादलीवर उभी राहून ती भांडी घासायची आणि मी खाली बसून तिच्या पायांवर उडणारं पाणी फडक्याने टिपायचो. माझी शाळा, माझे बूट, पुढे दगडाच्या कारखान्यात मला चिकटवणं, सगळं तिनेच केलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणते, "भांड्यांतून हात काढायला वेळ कुठे मिळाला?" आणि स्वतःच हसते. पण तिला कोणी बिचारी म्हटलं तर खैर नाही. एका शेजारणीने एकदा म्हटलं होतं. ती अजून आमच्या दारावरून जाताना पावलं उचलते.

चाळीस वर्षांत तिने किती घरं केली ते तिला आठवत नाही, पण प्रत्येक घराचं सिंक लक्षात आहे. घरांना ती माणसांच्या नावाने ओळखतच नाही. "ढोलवाल्यांकडे आज उशीर झाला," असं म्हणाली की समजायचं, ते पातळ पत्र्याचं सिंक, जिथे चमचा पडला तरी समोरच्या इमारतीत कळतं. विहीरवाल्यांचं दहा इंच खोल, त्यात वाकता वाकता तिचा खांदा गेला. बशीवाल्यांचं इतकं उथळ की नळ सोडला की पोट ओलं. कोपरेवाल्यांकडे चारही कोपरे काटकोनात, त्यात बसलेला मळ ताई दातांच्या जुन्या ब्रशने खरवडून काढायची, आणि मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमचं सिंक मुळी घाण होतच नाही!" कसं होईल? तुमचं सिंक स्वतःच ब्रश घेऊन बसतं ना!

मी स्वतंत्रपणे पहिला ओटा बसवला तेव्हा मोठ्या तोऱ्यात ताईला दाखवायला नेलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येतंय हिच्या. तिने सिंकसमोर उभं राहून दोन्ही हात आत घातले, टाचा उंचावल्या, परत टेकवल्या आणि म्हणाली, "सुंदर झालाय रे. कुणासाठी केलास, उंटासाठी?"

तेव्हापासून माझा एक नियम आहे. दगडाला पेन्सिल लावायच्या आधी मी विचारतो, भांडी कोण घासतं? त्या माणसाला बोलावून घेतो. विटांची चळत रचायची, वर सिंकचं रिकामं खोकं ठेवायचं, कोपर दुमडून हात आत घालायला सांगायचं आणि मग उंची ठरवायची. लोक हसतात. एक साहेब म्हणाले होते, "मिस्त्री, कपडे शिवताय का?" हसू देत. दगड एकदा कापला की पुढची वीस वर्षं कोणाच्या तरी पाठीवर निघतात, ती पाठ त्या साहेबांची नसते.

आता मुद्द्याचं. ज्या बाईंची ही गोष्ट, त्यांच्याकडे ताई एकोणीस वर्षं होती. बाई तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, तरी हिला हाक मारायच्या "मावशी". असो. बोलायला अगदी गोड. घर मोठं, माणसं सहा, सकाळची चार तासांची कामं. गेल्या वर्षी ताईचा उजवा खांदा धरला. हात खाली ताणून काही उचललं की कळ पार मानेत. डॉक्टर म्हणाले, खोल सिंकमध्ये काम करायचं नाही. ताई म्हणाली, "त्यांना काय जातंय? सिंक काय मी पिशवीत घेऊन फिरते?" पण दुखणं वाढलं तसं तिला ऐकावं लागलं. ढोल, विहीर, सगळी घरं एकेक करून सोडली. राहिली दोन. सकाळी बाईंचं, दुपारी एका एकट्या आजोबांचं, तेही चार ताटं-वाट्यांचं. म्हणजे ताईचं घर चालायचं ते बाईंच्याच कामावर.

बाईंनी ओटा बदलायचं काढलं तेव्हा ताईने माझं नाव सुचवलं. काम मला मिळालं. आणि मग बाईंनी जे केलं त्याने मी, कधी कोणावर खूश न होणारा मी, चक्क खूश झालो. बाई म्हणाल्या, "मावशी, सिंक घ्यायला तुम्हीच चला. तुमच्याइतकं त्यातलं कोणाला कळतं?"

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. ताई केस नीट विंचरून, ठेवणीतल्या चपला घालून आली होती. दुकानदाराने बाईंना खुर्ची दिली, मला मान हलवून ओळख दिली, आणि ताईच्या आरपार भिंतीकडे पाहिलं. आधी त्याने काळं सिंक दाखवलं. ताईने त्यावरून बोट फिरवलं. "यावर पाण्याचे पांढरे डाग बसतात. घासायचं दहा मिनिटं आणि पुसायचं वीस." मग त्याने दोन खणांचं काढलं. "मोठं पातेलं यातल्या कुठल्या खणात आडवं होणार? एक खण कामाचा आणि एक शोभेचा."

"मॅडम, हल्ली सगळे हेच घेतात," दुकानदार बाईंकडे बघून म्हणाला.

"घेतात ते घासतात का?" ताई म्हणाली.

बाई खो खो हसल्या. मग काय, ताईला चेव चढला. एकेका सिंकच्या तळाला बोटाच्या पेराने टकटक करून बघायला लागली. हे पातळ, हे बोंबलणार, याच्या खाली रबर लावलंय पण पत्रा कागदासारखा. शेवटी एकापाशी थांबली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सोडली की धार आत! दुकानदार किंचाळला, "अहो, इथे पाणी नाही ओतायचं!"

"मग कुठे ओतायचं? सिंकच आहे ना हे?"

पाणी मागच्या कोपऱ्यात तळं करून उभं राहिलं. ताईने ते बोटाने दाखवलं आणि पुढे सरकली. अशी चार सिंकं बाद झाली. पाचव्यात पाणी सरळ जाळीकडे धावलं. एकच लांब खण, आठ इंच खोल, कोपरे गोलसर, जाळी मागच्या बाजूला, म्हणजे मोठं भांडं ठेवलं तरी पाणी तुंबत नाही. आणि लावायचं ते ओट्याच्या खालून. "वरून बसवलं की त्याची कड वर राहते," ताईने बाईंना समजावलं. "ओट्यावरचं पाणी आत ओढता येत नाही, आणि कडेखाली मळ बसतो तो नखाने काढावा लागतो." बाई म्हणाल्या, "मावशी म्हणतील ते." दुकानदाराने शेवटी ताईलाही खुर्ची दिली. ती बसली नाही, पण मी पाहिलं, तिला ते फार आवडलं.

बाई गाडीतून गेल्या. आम्ही दोघं कोपऱ्यावर चहा प्यायला थांबलो. तेव्हा ताई म्हणाली, "अरे, मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय मला. त्यांची बाई लेकीकडे राहायला चाललीय. सकाळचंच काम. शुक्रवारपर्यंत सांग म्हणाल्या."

"मग? कसं आहे घर?"

"घर छान. माणसं तीन. सिंक जुनं आहे, पण उथळ, खांद्याला सोसेल. जाणारच होते मी, खोटं कशाला बोलू? पण आता बघ ना." ती थांबली आणि लहान मुलीसारखी हसली. "माझ्या मापाचं सिंक येतंय, धाकट्या! जन्मात पहिल्यांदा. आता कशाला सोडू एकोणीस वर्षांचं घर? तरी शुक्रवारपर्यंत विचार करते."

सोमवारी दुपारी मी बाईंकडे भिंतीवर खुणा करायला गेलो. ताई काम आटपून गेली होती. घराचे नकाशे काढणाऱ्या मुलीने सुधारलेला नकाशा पाठवला होता, तो बाईंनी मला दिला. बघतो तर सिंकच्या उजव्या हाताला, जिथे कपाट होतं, तिथे दोन फुटांची मोकळी जागा. त्यात नळाचा एक फाटा, निचऱ्याचा पाइप आणि खाली प्लग. सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे. कपाटाला पाणी पाजत नाहीत, एवढं मला कळतं.

"बाई, हे भांडी धुण्याचं मशीन का?"

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "हो. आमच्या यांचा हट्ट. सोमवारी येईल पुढच्या."

"मग ताई?"

"त्यांना एवढ्यात काही बोलू नका हं, मिस्त्री. आता जुना ओटा फुटणार, सामान हलवायचं, सगळीकडे धूळ. त्या नसल्या तर माझं कसं होणार? ओटा बसला, सगळं आवरून झालं, की सांगणारच आहे मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पेन्सिल मोडली, खरंच मोडली. मी म्हटलं, "मग सिंक निवडायला तिला कशाला नेलंत?"

आणि बाईंनी दिलेलं उत्तर ऐका. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "अहो, मोठी पातेली मशीनमध्ये मावत नाहीत ना. ती मलाच घासावी लागणार. आणि सिंकमधलं मावशींना जेवढं कळतं तेवढं मला थोडंच कळतं?"

आहे की नाही? एकोणीस वर्षांचं शहाणपण फुकटात पिळून घेतलं, वर तिलाच धूळ काढायला ठेवली, आणि हे सगळं बोलताना आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्यालाच आपण उद्धट आहोत असं वाटावं! मी म्हटलं, "बाई, तिला दुसऱ्या घरचं बोलावणं आहे. शुक्रवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ते जाईल. तुम्ही ओटा बसल्यावर सांगणार म्हणजे शनिवार उजाडेल."

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हो का? मग बरंच झालं की. गुरुवारी मी स्वतः सांगते. शब्द देते तुम्हाला. पण तुम्ही मध्ये पडू नका. इतक्या वर्षांचा संबंध आहे, माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल."

मला ते पटलं. गुरुवारी सांगणार, शुक्रवारची मुदत. एक दिवस हातात राहत होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आलो.

मंगळवारी जुना ओटा फोडला. ताई सकाळपासून हजर. डबे, बरण्या, तवे, सगळं तिने आदल्या दिवशीच खोक्यांत भरून वर कशात काय ते लिहून ठेवलं होतं, कारण बाईंना स्वतःच्याच स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही. भिंत फोडताना एक जुना पाइप फुटला. मी इकडेतिकडे बघतोय तोवर ताई न्हाणीघराच्या माळ्यावर हात घालून मुख्य नळ बंद करूनही आली. मी फोडायचो, ती मागून केर भरायची. पोती तोंडाला बांधून जिन्यापर्यंत ओढायची, डाव्या हाताने, कारण उजवा चालत नव्हता. मी म्हटलं, "राहू दे ग, मी भरतो." ती म्हणाली, "तू फोड. तुझा झाडू म्हणजे कोपरे सोडून सगळं."

आणि तोंड अखंड चालू. "सिंकच्या मागे चार बोटं जागा सोड हं, घासणी ठेवायला. साबण उजव्या हाताला नको, खांदा ओढतो. डावीकडे ठेवेन." मी हूं हूं करत होतो. तिच्याकडे बघायची छाती होत नव्हती. दोनदा जिभेच्या टोकावर आलं. दोनदा वाटलं, गुरुवार आलाच की. बाईंनी शब्द दिलाय.

बुधवारी दुपारी ती जरा लवकर निघाली. दारातून ओरडून म्हणाली, "एका ठिकाणी निरोप द्यायचाय, जाते रे!" माझा कटर चालू होता. मी हात हलवला.

गुरुवारी दगड आला. काळाभोर, लांबलचक, एकही शीर नाही. पॉलिशवाल्याने आणि मी तो गच्चीत लाकडी घोड्यांवर चढवला. मग खाली येऊन विटा रचल्या, त्यावर नव्या सिंकचं खोकं ठेवलं आणि ताईला हाक मारली. ती बाह्या वर सारत आली, खोक्यात दोन्ही हात घातले, कोपर दुमडलं. मी एक वीट काढली, तिला परत हात घालायला लावले.

"अरे, खांदा अजिबात ओढत नाहीये!" ती म्हणाली. "बघ, बघ! असंच ठेव. याच्यावर केसभर नको."

बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. गुरुवार होता. त्यांनी नजर फिरवली, थोडा वेळ फोनमध्ये डोकं घातलं, आणि म्हणाल्या काय? "मिस्त्री, जरा उंच घ्या. चांगलं चार बोटं."

"नको बाई," ताई म्हणाली, "उंच झालं तर माझा हात वरून लोंबतो, मग खांदा..."

"तरी घ्या उंच, मिस्त्री. मला ते बरं वाटतं."

अहो, त्यांना बरं वाटतं! त्या ताईहून वीतभर उंच. आपल्याच मापाने घेत होत्या, आणि जिचे हात खोक्यात होते तिला अजून पत्ता नव्हता. माझं डोकं फिरलं. मी फूटपट्टी विटांवर आपटली. "कोणाच्या मापाने घेऊ ते एकदा तोंडाने सांगाच ना, बाई! आज गुरुवार आहे. शब्द दिला होतात. सांगा तिला!"

"काय सांगा?" ताई म्हणाली.

बाई लाल झाल्या. मग त्यांचा तो मऊ आवाज निघाला. मावशी, वाईट वाटून घेऊ नका, यांचा हट्ट, मशीन यायचंय सोमवारी, मोठी पातेली काय मी घासीन, तुमचाही खांदा दुखतो, तुम्हालाही विश्रांती. ताईचे हात अजून खोक्यातच होते. ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मग मी कधीपर्यंत यायचं?"

"रविवारपर्यंत या ना. सगळं आवरून होईपर्यंत."

ताईने हात बाहेर काढले. "बाई, एकोणीस वर्षांत तुमची बशी फुटली तर तुकडे हातात घेऊन तुमच्यासमोर आले मी. त्याच दिवशी. तुमच्या लेकाचा गृहपाठ न झालेला मला आधी कळायचा, तोही तुम्हाला सांगितला. आणि माझं काम जाणार आहे, एवढं सांगायला तुमचं तोंड उघडलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो, मावशी..."

"वाईट वाटेल म्हणून नाही. धूळ कोण काढेल म्हणून."

वा! असा आनंद झाला मला. बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं तिने. मी म्हटलं, "ताई, सोड यांना. फोन लाव डॉक्टरीणबाईंना. येते म्हण उद्यापासून. शुक्रवारपर्यंत मुदत आहे तुला."

"त्यांना काल 'नाही' म्हणून सांगून आले मी."

"काल? अगं, शुक्रवारपर्यंत विचार करणार होतीस ना?"

"विचार झाला होता माझा. मग त्या बाईंना कशाला ताटकळत ठेवायचं? लवकर कळलं की त्यांनाही दुसरी बघता येते."

ही माझी ताई. कोणाला अर्धा दिवस अंधारात ठेवायचा तिचा स्वभाव नाही, आणि हे मला चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. मी मुदत मोजत बसलो, आणि ती मुदतीआधी जाईल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मी तिच्या हातात फोन कोंबला. तिने लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो, तुम्ही गेलात आणि संध्याकाळी एक आल्या. आज सकाळी कामाला लागल्यासुद्धा. कालच हो म्हटलं असतंत तर!"

"बरं बरं, राहू दे," ताई म्हणाली. "चांगली मिळाली ना? मग झालं." तिने फोन बंद केला, मला परत दिला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तू म्हणालास, शब्द दिला होतात. कधी दिला होता?"

मी म्हटलं, "सोमवारी."

"म्हणजे तुला सोमवारी कळलं."

"ताई, त्या म्हणाल्या गुरुवारी मीच सांगते. मुदत शुक्रवारची होती. मला वाटलं, त्यांच्या तोंडून..."

"मंगळवारी मी तुझ्या मागे केर भरला," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "बुधवारी भरला. साबण कुठे ठेवायचा ते सांगत होते तुला. तू हूं हूं करत होतास."

दोन दिवस मी बाईंना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि त्याच दोन दिवसांत, पाइप फुटला तेव्हा, पोती ओढायची होती तेव्हा, ती तिथे आहे याचं मला बरंच वाटत होतं. बाईंना हवी होती तशीच मलाही ती हवी होती. हे आत्ता तुम्हाला सांगतोय. तेव्हा तिला सांगायला जीभ उचलली नाही.

"बाईंचं सोड," ती म्हणाली. "त्यांची मी कामवाली. तुझी कोण रे मी?"

तिने बाह्या खाली घेतल्या. कोपऱ्यातला झाडू उचलला, माझ्याकडे आली आणि तो माझ्या हातात दिला. "हा केर तू भर." बाईंकडे न बघता चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मी खिडकीतून हाक मारली. तिने वर पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो, बाई आणि मी. काय करावं ते कळेना, म्हणून मी खाली बसलो आणि झाडायला लागलो. बाई दारातच उभ्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मिस्त्री, विटांच्या मागे राहिलंय."

मी विटांच्या मागचंही काढलं.